रिटायर झालेल्या माणसाला रोजच्या त्याच त्या दिनक्रमात खरंच आनंद मिळतो का?

वडील रिटायर होऊन आठ महिने झाले, दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात आणि काही सुचवलं की ‘रोज तेच तेच, त्यात कसला आनंद’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. 2012 साली मीही अगदी हेच म्हणत होतो.

मी टपाल खात्यात, आरएमएसला (रेल्वे मेल सर्व्हिस) सॉर्टर होतो, म्हणजे पत्रं गावावार लावायचो, मिरजेला. 34 वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी रात्रपाळी. पिनकोडचा पहिला आकडा 4 दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढे 16 असलं की आपलाच मुलूख. डोकं वापरावं लागायचं नाही, हातच पत्र बरोबर खणात टाकायचे. रिटायर झाल्यावर रात्री दोनला टक्क जागा, आणि हाताला काम नाही. मुलानं टॅब आणून दिला. मुलीनं हास्यक्लबात नाव घातलं. तीन दिवस गेलो. खोटं हसून गाल दुखले, बाकी काही नाही.

मग हिचं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलेल्या हातानं स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “निदान विरजण तरी लावा.” पहिल्या दिवशी दूध फार गरम होतं, सकाळी भांड्यात चोथा आणि पाणी. दुसऱ्या दिवशी भीतीनं इतकं गार केलं की दूध दूधच राहिलं. चौथ्या दिवशी जमलं. करंगळी बुडवून दहा अंक मोजता आले पाहिजेत, चटका बसता कामा नये. विरजण चमचाभरच, जास्त घातलं तर दही लवकर लागतं पण आंबट होतं. थंडीत भांडं गव्हाच्या डब्यात पुरून ठेवतो. पहाटे उठून ते हळूच कलतं करायचं. दही कडेपासून सुटून एकसंध थरथरलं की त्या क्षणी जे वाटतं, ते टॅबवर नाही मिळालं. हिचा हात सहा आठवड्यांत बरा झाला. काम मी परत दिलं नाही.

हास्यक्लबाला मी गेलो नाही तरी कुणाचं काही अडत नव्हतं. विरजण विसरलो तर दुपारी ताक नाही, आणि ते मला ऐकावं लागतं. सगळा फरक एवढाच आहे.

त्याच्या आगेमागे मग बाकीचं आपोआप जमत गेलं. सकाळी दूध आणायला मुद्दाम लांबून, सतारमेकर गल्लीतून जातो. सतारीसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे तिथे टांगलेले असतात. कुणीतरी जवारी काढत, म्हणजे तारेचा सूर खुलवत बसलेलं असतं: तारांखालची घोडी जरा घासायची, तार छेडायची, पुन्हा घासायची. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण सूर खुलला की तेवढं कळतं. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आता तो मोबाइलला चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. तरी आम्ही चौघं जुने सॉर्टर बँकेत जाऊन रांगेत उभे राहतो. आपण जिवंत आहोत हे सांगायला घरी बसून काय मजा? नंतर चहा असतो.

तेव्हा वडिलांना ‘वेळ घालवायला’ काही देऊ नका, त्याचा त्यांना रागच येईल. तुमचं खरोखर अडेल असं एखादं काम द्या, आणि त्यांच्या पाठीमागे ते गुपचूप करून ठेवू नका. दूध आणायचं त्यांच्याकडे असेल आणि ते विसरले, तर त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा प्यायचा. (झोप आणि जेवण दोन्ही उडालं असेल तर मात्र आधी डॉक्टर, माझे सल्ले नंतर.)

आमच्याकडे पाहुणे आले की ही आवर्जून सांगते, “दही ह्यांच्या हातचं.” आंबट झालं असेल त्या दिवशी जरा मोठ्यानं सांगते.