मन थाऱ्यावर नसताना काय वाचावं?

वडील जाऊन दोन महिने झाले. एरवी कादंबऱ्यांचा फडशा पाडणारी मी, आता एकच पान तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही. मैत्रिणीने ‘कोसला’ आणून दिली आहे. सुरू करू का? (सोलापूर)

आत्ता नको. नेमाड्यांच्या या कादंबरीत नायक पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तो भाग भल्याभल्यांना झेपत नाही. पण तुमची खरी अडचण विषयाची नाही, लांबीची आहे. कादंबरीत मागची माणसं आणि धागे ध्यानात धरावे लागतात. दुःखात नेमकं तेच होत नाही, म्हणून पान पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. एका बैठकीत संपेल असंच काहीतरी घ्या.

पु. लं.चं ‘व्यक्ती आणि वल्ली’ चालेल, पण पहिल्या पानापासून ओळीने जाऊ नका. आधी ‘नामू परीट’, मग ‘सखाराम गटणे’. ‘नंदा प्रधान’ सध्या बाजूलाच ठेवा आणि ‘अंतू बर्वा’सुद्धा, तो हसवता हसवता शेवटी आवंढा गिळायला लावतो. विनोदी म्हणून पुस्तक उघडावं आणि नेमकं तिथेच रडू फुटावं, असं होतं ते यामुळे.

त्यानंतर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. कथा सुट्या आहेत, गोष्ट सांगणारा मुलगा लंपन मात्र सगळीकडे तोच, त्यामुळे मालिका वाचल्याचं समाधानही मिळतं. कानडी वळणाची ती बोली पहिली काही पानं अडते, म्हणून दहा मिनिटं मोठ्याने वाचा. डोळे ओळ सोडून भरकटतात. तोंडाने वाचताना ते तितकं सोपं नसतं. ‘मॅडसारखं’ हा लंपनचा लाडका शब्द एकदा कानात बसला की पुढचं आपसूक होतं. आवडलं तर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ याच क्रमाने घ्या.

रात्री उगाच धडधडतं. झोप यावी म्हणून रहस्यकथा वाचतो, तर दोन वाजतात. (नाशिक)

वाजणारच! रहस्यकथेचं प्रकरण संपतं तेच मुळी पान उलटायला लावून. त्याऐवजी चिं. वि. जोशींचा चिमणराव घ्या. गुंड्याभाऊ मध्ये पडला की घोटाळा होणार हे आधीच ठाऊक असतं आणि रात्री तेच बरं. एक गोष्ट, मग दिवा बंद. फोनवर नको, छापील प्रत घ्या. जी. ए. कुलकर्णींना मात्र दिवसा भेटा. ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’, म्हणजे मठातल्या भुयारी खोलीत कोंडलेल्या माणसाची कथा, अंथरुणात वाचाल तर छातीवरचं दडपण वाढेल. धडधड दिवसाही होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत.

टोरांटोत राहते. पावसाळ्यात घरची फार आठवण येते. काय वाचू?

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. बारा महिन्यांचे बारा लेख. सलग वाचलंत तर फुलंझाडं, रंग, वास यांची गर्दी होऊन सगळं एकात एक मिसळतं. चूक होते ती इथेच. कालनिर्णयमध्ये चालू मराठी महिना पाहायचा आणि तेवढाच लेख वाचायचा. अधिक महिना आला तर मागचाच लेख पुन्हा वाचा. आषाढ-श्रावणाचे लेख मात्र सुट्टीच्या दिवशी काढा. कामावर निघायच्या आधी वाचलेत तर उशीर ठरलेला.