वीस वर्षांनी परदेशातल्या जुन्या मित्राला भेटायला जावं का?

तुम्ही विचारलंय: जर्मनीत शिकताना जिवलग झालेला मित्र, मधे पंधरा वर्षं संपर्क नाही, आता पुन्हा त्याच्या शहरात जाणं होतंय; त्याला कळवावं का, आणि भेटल्यावर बोलणार काय?

कळवा. पण 'एखाद्या संध्याकाळी कॉफीला भेटू' असं ठरवू नका. मी तेच केलं होतं आणि फसलो होतो. वाचवलं ते एका बॉम्बने.

मी २००४ ते २००६ ड्रेस्डेनला एम.एस. करत होतो. वसतिगृहात शेजारच्या खोलीत एक जर्मन मुलगा राहायचा. त्याचं नाव इथे नको. मी त्याला मास्तर म्हणायचो, कारण माझं 'डेर-डी-डास' (जर्मन नामांआधी लावायचे लिंगानुसार बदलणारे शब्द) चुकलं की घास तोंडात असतानाही तो दुरुस्त करायचा. शनिवारी ३ नंबरच्या ट्रामने कारोला पुलावरून एल्ब नदी ओलांडायची आणि पलीकडच्या नॉयश्टाटमध्ये रात्र काढायची, हा नेम. सुपरमार्केटात 'क्वार्क' मिळतो, तो आपल्या चक्क्याचा भाऊच. त्याचं श्रीखंड मी मजल्यावरच्या सगळ्यांना खाऊ घालायचो. (जर्मनीत राहिलेल्या प्रत्येक मराठी पोराला हा शोध आपणच लावला असं वाटतं. मलाही वाटायचं.)

३० ऑक्टोबर २००५ला फ्राउएनकिर्श हे चर्च पुन्हा उघडलं, तेव्हा चौकातल्या गर्दीत आम्ही दोघं होतो. फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळलं होतं. पूर्व जर्मनीच्या काळात ढिगारा तसाच पडून राहिला, आणि एकीकरणानंतर त्यातले दगड निवडून, नोंदून पुन्हा भिंतीत बसवले. म्हणून भिंतीवर मधेमधे काळे ठिपके दिसतात. काळे ते जुने, फिकट ते नवे. घुमटावरचा क्रॉस घडवणारा इंग्लिश कारागीर ॲलन स्मिथ, त्याचे वडील त्याच हल्ल्यातल्या एका विमानाचे वैमानिक होते. हे मास्तरने मला तिथेच उभं राहून सांगितलं होतं. माझं लक्ष सॉसेजच्या गाडीकडे.

संपर्क तुटला तो माझ्यामुळे. मी सांगलीचा. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा त्याची मेल आली होती: बातम्यांत पाहिलं, घरचे कसे आहेत? २००२च्या एल्बच्या पुरात त्याने स्वतः वाळूची पोती रचली होती, त्यामुळे पूर म्हणजे काय हे त्याला सांगायची गरज नव्हती. मी मेल वाचली. घर चिखलाने भरलेलं, म्हटलं निवांत लिहू. तो निवांतपणा पाच वर्षांत आला नाही.

मग २०२५ला तिकडे जायचं ठरलं तेव्हा त्याचा जुना मेल पत्ता बंद झालेला. माझ्या डायरीत त्याच्या आईवडिलांचा पत्ता होता, एर्त्सगेबिर्ग डोंगरातल्या एका खेड्याचा. तिथे आम्ही एक नाताळ काढला होता. त्या पत्त्यावर कागदावर पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला, सोबत आईने काढलेला पाकिटाचा फोटो. तिकडची वयस्कर माणसं घर सहसा सोडत नाहीत, त्यामुळे समाजमाध्यमांवर कोणी सापडत नसेल तर हा रस्ता वापरून बघा. पत्रात मी लांबलचक माफी मागितली नाही. 'तुझ्या २०१९च्या प्रश्नाचं उत्तर: सगळे सुखरूप आहेत. उशिराबद्दल माफ कर,' एवढंच, आणि येण्याच्या तारखा.

व्हिसासाठी त्याच्याकडून हमीपत्र वगैरे मागू नका. इतक्या वर्षांनी पहिलं काम ते सांगणं बरं दिसत नाही. हॉटेलचं बुकिंग, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि बँकेची कागदपत्रं यांवर काम भागतं.

४ ऑगस्टला, सोमवारी संध्याकाळी, चर्चसमोरच्या ल्यूथरच्या पुतळ्यापाशी भेटलो. मिठी मारली, दोघांनीही एकमेकांच्या टकलाला हात लावला, आणि पुढच्या वीस मिनिटांत सगळं संपलं. मुलं किती, नोकरी कुठे, अमका भेटतो का, तमकीचं काय झालं. तीच जुनी फजिती दोनदा सांगून झाली. दोन तासांनी तो घड्याळ बघतोय हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याने. हॉटेलवर परतताना वाटलं, उगाच आलो.

आता तो कारोला पूल. तो उरलेला नाही. ११ सप्टेंबर २०२४च्या पहाटे तीनच्या सुमारास ट्रामचे रूळ असलेला भाग नदीत कोसळला. काँक्रीटच्या आतल्या ताण दिलेल्या पोलादी तारा कुणाच्या नकळत आतून तुटत गेल्या होत्या. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेलेली, त्यामुळे कोणाला इजा झाली नाही. उरलेला पूल पाडायचं काम चालू होतं आणि त्या जागी, मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, महायुद्धातला २५० किलोचा ब्रिटिश बॉम्ब सापडला. बुधवारी सकाळी सुमारे १७ हजार लोकांना घरं सोडायला सांगितलं. माझं हॉटेलही त्या वर्तुळात. बॅग घेऊन बाहेर पडतोय तोच मास्तरचा फोन: "कुठे आहेस? आहेस तिथेच थांब, येतो."

तो राहतो लोश्वित्सला, 'निळं नवल' म्हणतात त्या जुन्या लोखंडी पुलापलीकडे. घरी त्याची बायको बागेतले प्लम काढून बसली होती, दोन बादल्या. मला कोणी पाहुणा मानलं नाही. हातात सुरी दिली आणि बिया काढायला बसवलं. समोर मास्तर. रेडिओवर बॉम्बच्या बातम्या. आणि मग तो बोलायला लागला. वडील गेल्याचं, मधे दोन वर्षं नोकरी नव्हती त्याचं, त्या दिवसांत माझ्या उत्तराची वाट पाहिल्याचं. सगळं खाली, प्लमकडे बघत. मीही खालीच बघून सांगितलं की तेव्हा आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं आणि त्यानंतर मला कोणालाच काही लिहावंसं वाटेना. त्याने मान डोलवली. माझ्या वाक्यातलं एक 'डास' दुरुस्त केलं.

दुपारी तीनच्या सुमाराला बॉम्ब निकामी केल्याची बातमी आली. तोवर केक भट्टीत होता. कोणी मला हॉटेलवर परत जा म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. रात्री जेवणानंतर त्याने फ्रिजमधून भांडं काढलं: श्रीखंड. इतकी वर्षं दर वाढदिवसाला करतो म्हणे, मुलांना आवडतं. मी चमचा तोंडात घातला तर व्हॅनिलाचा वास. वेलदोडे कुठे मिळतात हे त्याला कळलं नव्हतं, आणि विचारायला मी नव्हतो.

तेव्हा तुम्ही एक अख्खा दिवस रिकामा ठेवा, आणि त्यालाच विचारा: त्या दिवशी तुझं काही काम आहे का, मीही येतो. भिंत रंगवायची असेल, मुलाला पोहायला न्यायचं असेल, काहीही. समोरासमोर बसून वीस वर्षं भरून काढायला जाल तर माझा सोमवार तुमच्या वाट्याला येईल.

आणि वेलदोडे न्या. पूड नको, अख्खे.