वाचकांचे प्रश्न: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हाताला बसते कशी?

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिकवणाऱ्या रुग्णालयात होणार आहे. संमतीपत्रावर ‘शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली भाग घेतील’ असं छापलं आहे. सही करावी का?

साधा मोतीबिंदू असेल तर करावी, पण आधी ‘देखरेख’ म्हणजे काय ते स्पष्ट विचारा. वरिष्ठ सर्जन नुसता इमारतीत असून भागत नाही. त्याने हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या आयपीसला डोळा लावून बसायला हवं, म्हणजे गरज पडल्यास काही सेकंदांत तो जागा घेऊ शकतो.

काही डोळे मात्र नवशिक्याला देऊच नयेत. पूर्ण पांढरा झालेला मोतीबिंदू, औषध घालूनही न रुंदावणारी बाहुली, हलणारं भिंग, खूप खोल डोळे, स्थिर झोपू न शकणारा रुग्ण, हे सगळे त्यात आले. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांची बाहुली ऑपरेशनमध्ये आकसते आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो, म्हणून तेही. आईच्या दुसऱ्या डोळ्याची नजर आधीच गेली असेल, तर हा डोळा कुणाच्याही शिकण्यासाठी नाही. तसं निःसंकोच सांगा.

रुग्णावर हात चालवण्याआधी विद्यार्थी नेमकं काय करतात?

पहिले काही तास मायक्रोस्कोप आणि पेडल यांतच जातात, आणि ते जायलाच हवेत. खुर्चीची उंची, मनगटाचा आधार, दोन आयपीसमधलं अंतर नीट लागलं नाही तर खोलीचा अंदाज येत नाही आणि हात थरथरतो. फेको म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेणारं यंत्र; त्याच्या पेडलला तीन टप्पे असतात: पहिल्यावर द्रव आत जातो, दुसऱ्यावर ओढणंही सुरू होतं, तिसऱ्यावर अल्ट्रासाउंड चालू होतो. प्रोब (यंत्राची डोळ्यात जाणारी नळी) आत असताना पाय चुकून पूर्ण वर आला, की द्रव थांबतो, पुढचा कप्पा (भिंगापुढची द्रवाने भरलेली जागा) बसतो आणि मागचं कॅप्सूल (भिंगाभोवतीच्या पातळ पिशवीची मागची बाजू) उसळून टोकाला भिडतं. कित्येक कॅप्सूल अशी हातामुळे नव्हे, पायामुळे फाटतात.

मग येते वेट लॅब, म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव. प्राण्याचा डोळा ताजा हवा, कारण शिळ्या डोळ्याचा पारदर्शक पडदा धूसर होऊन आतलं दिसेनासं होतं. छेद, टनेल (छेदाचा तिरका बोगदा), टाके यांचा सराव त्यावर उत्तम होतो. सिम्युलेटरवर तीच पायरी पन्नास वेळा करता येते आणि चूक मोजून दिसते. ब्रिटनमधल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनांमध्ये मागचं कॅप्सूल फाटण्याचं प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होतं, २०१५ मध्ये ते २.६ टक्क्यांवर आलं. याच काळात तिथे सिम्युलेटर पोहोचले होते. सगळं श्रेय यंत्राचं म्हणता येणार नाही, तरी सिम्युलेटर असताना थेट रुग्णावर सुरुवात करू देणं आम्हाला पटत नाही.

माझा ऱ्हेक्सिस (पुढच्या कॅप्सूलमध्ये फाडून केलेलं गोल भोक) दर दोन-तीन केसमागे कडेला पळतो. काय चुकतं? (पदव्युत्तर विद्यार्थिनी)

बहुधा व्हिस्को (कप्पा फुगवून ठेवणारं जेल) कमी पडतंय. पुढचा कप्पा उथळ झाला की भिंगाचा पृष्ठभाग फुगीर राहतो आणि झोन्यूलचे, म्हणजे भिंगाला टांगून धरणारे, धागे कॅप्सूलला बाहेर ओढतात. फाट उतार शोधत तिकडेच जाते. भिंग सपाट दिसेपर्यंत व्हिस्को भरा आणि मध्येच ते गळतंय असं वाटलं तर थांबून पुन्हा भरा. छेदावर उपकरणाचा दाब पडत असेल तर ते हमखास गळतं.

दुसरी चूक पकडीची. फडका (कॅप्सूलचा सुटलेला तुकडा) फाटीच्या टोकापासून लांब धरला की दिशा तुमच्या हातात राहत नाही. वर्तुळाच्या दर पावावर सोडून, टोकाजवळ पुन्हा धरा. भोक ५ ते ५.५ मिलिमीटरचं ठेवा. ६ मिलिमीटरच्या कृत्रिम लेन्सची कड त्याखाली सगळीकडून झाकली जायला हवी.

फाट पळालीच, तर पुढे ओढू नका. व्हिस्को भरा, फडका उलगडून सपाट पसरा, मुळाशी धरा. ज्या मार्गाने फाट आली त्याच दिशेने मागे, आडव्या पातळीत ताण द्या आणि मग केंद्राकडे ओढा. फाट बहुतेकदा आत वळते. बाहुलीखाली दिसेनाशी झाली असेल तर मात्र वरिष्ठांना जागा द्या. आणि डोळ्याच्या आतून परतणारी लाल चमक दिसत नसेल तर कॅप्सूल रंगवणारा ट्रायपॅन ब्लू वापरा, न रंगवता चाचपडू नका.

शिकवताना पायऱ्या कोणत्या क्रमाने द्याव्यात? (नव्याने शिकवू लागलेले सर्जन)

शेवटाकडून. आधी व्हिस्को धुणं, मग लेन्स बसवणं, मग उरलेला कॉर्टेक्स (भिंगाचा मऊ बाहेरचा थर) ओढणं. ऱ्हेक्सिस आणि न्यूक्लियस (भिंगाचा कठीण गाभा) फोडणं त्यानंतर. आधीच्या पायऱ्या तुम्ही नीट केल्यामुळे विद्यार्थ्याला सुस्थितीतला डोळा मिळतो. एका पायरीला वेळ ठरवून द्या. संपला की शांतपणे जागा घ्या. रुग्ण जागा असतो आणि सगळं ऐकतो, म्हणून ‘अरेरे’, ‘फाटलं’ असे शब्द टाळून आधीच ठरवलेले संकेत वापरा.

मागचं कॅप्सूल फाटल्यावर काय करायचं, हे पहिल्या केसच्या आधीच तोंडपाठ करून घ्या. घाबरून प्रोब झटक्यात बाहेर काढला, तर कप्पा कोसळतो, फाट मोठी होते आणि व्हिट्रियस (भिंगामागचा जेलीसारखा पदार्थ) पुढे येतो. प्रोब जागीच ठेवायचा, पेडल पहिल्या टप्प्यावर, दुसऱ्या हाताने साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) व्हिस्को भरायचं आणि मगच बाहेर यायचं. खाली निसटणाऱ्या तुकड्याचा पाठलाग करायचा नाही. एकसंध ॲक्रिलिक लेन्स सल्कसमध्ये (रंगीत पडदा आणि कॅप्सूल यांच्यामधल्या खोबणीत) ठेवायची नाही. तीन भागांची लेन्स ऑपरेशन सुरू होण्याआधी थिएटरमध्ये आहे ना, हे विद्यार्थ्यालाच तपासायला लावा.