थांबली की तापते, धावली की निवते

प्रश्न : माझ्याकडे २०१३ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे वाहनांची रांग लागली आणि थोड्याच वेळात तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला. रस्ता मोकळा होऊन गाडी धावू लागल्यावर तो आपोआप खाली आला. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, कूलंट बदलले, पण फरक पडला नाही. एसी लावल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत नाही. आता ‘पंखा डायरेक्ट करून डॅशबोर्डवर बटण बसवून देतो’ असे सांगण्यात येत आहे. तसे करावे का?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : तसे मुळीच करू नका. थांबल्यावर तापणे आणि धावल्यावर निवणे हे लक्षण सरळ पंख्याकडे बोट दाखवते. गाडी वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंख्याची खरी गरज रांगेत, सिग्नलला आणि घाटात संथ चढताना पडते. रेडिएटर चोंदला असता किंवा वॉटर पंप निकामी झाला असता, तर महामार्गावर भरधाव चालवतानाही काटा चढला असता.

एसीविषयीचे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. बहुतेक गाड्यांमध्ये एसी सुरू होताच, इंजिन तापलेले नसले तरी, पंख्याला चालू होण्याचा आदेश मिळतो. एसीचा कॉम्प्रेसर ‘टक्’ आवाज करून लागत असेल आणि तरीही पंखा ढिम्म असेल, तर तापमानाच्या सेन्सरवरचा संशय बराच कमी होतो आणि फ्यूज, रिले (पंख्याचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच), वायरिंग व पंख्याची मोटर एवढेच तपासायचे उरते.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना करावी आणि पंख्याजवळ हात नेण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरू लागतो. पंख्याचा फ्यूज बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. तो डोळ्यांना शाबूत दिसला तरी मल्टीमीटरने तपासावा. त्यानंतर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, पंख्याच्या जागी लावून पाहावा. हे काम दोन मिनिटांचे आहे, तरी ते टाळून थेट नवी मोटर विकत घेतली जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

पुढे मोटरचा कपलर, म्हणजे तारांचा प्लास्टिकचा जोड, सुटा करून फ्यूज लावलेल्या दोन जाड तारांनी मोटरला बॅटरीचा १२ व्होल्टचा पुरवठा काही सेकंद द्यावा. पंखा जोमाने फिरला, तर मोटर ठीक आहे आणि दोष वाटेत, म्हणजे फ्यूज, रिले किंवा वायरिंगमध्ये आहे. फिरलाच नाही, किंवा काठीने ढकलल्यावरच फिरला, तर मोटरचे कार्बन (आतील फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) बहुधा झिजलेले आहेत. वाटेतला दोष शोधताना कपलरच्या आत अवश्य डोकवावे. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत रिले नवा होता आणि मोटर दोनदा बदललेली होती. कपलर ओढला तेव्हा एका पिनेभोवतीचे प्लास्टिक भाजून गुळासारखे तपकिरी झालेले आणि पीन सैल पडलेली दिसली. पीन व कपलर बदलताच पंखा सुरू झाला. अर्थिंगच्या गंजलेल्या टोकामुळे आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरींमुळेही हाच प्रकार होतो.

पंखा बटणातून थेट बॅटरीला जोडण्याच्या ‘डायरेक्ट’ जोडणीत असा भाजलेला कपलर तसाच राहतो. शिवाय मोठ्या मोटरचा प्रवाह बारीक तारेने आणि साध्या बटणातून, तोही अनेकदा फ्यूजशिवाय नेला जातो आणि त्यातून आग लागू शकते. रांगेत अडकलेल्या चालकाला बटणाची आठवण काटा चढल्यावरच होते, तोवर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातील सील) धोक्यात आलेले असते. काढलेला थर्मोस्टॅटही परत बसवून घ्या. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. त्याच्याविना इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते.

दुरुस्तीनंतर गाडी उभ्या जागी चालू ठेवावी. अनेक गाड्यांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास पंखा लागतो आणि तापमान काही अंश उतरल्यावर थांबतो. तो चालू असताना गाडीच्या पुढच्या जाळीसमोर कागद धरावा. कागद आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. तो बाहेर ढकलला गेला, तर मोटरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत.

तोपर्यंत रांगेत काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण वेगाने लावावा. काटा लाल खुणेला पोहोचल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कदापि उघडू नये, कारण दाबाखालचे कूलंट उसळून अंगावर येते.

प्रश्न : गाडी बंद केल्यावरही पंखा दोन-तीन मिनिटे फिरत राहतो. हा बिघाड आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पुष्कळ गाड्यांत ही मुद्दाम केलेली सोय असते. मात्र सकाळी थंड इंजिनावर चावी फिरवताच पंखा लागत असेल, तर सेन्सरची तार सुटलेली असू शकते. चावी काढल्यावरही तो तासभर थांबत नसेल आणि रिले उपसताच थांबत असेल, तर रिलेचे संपर्क चिकटलेले असण्याची शक्यता जास्त आहे. तो बदलून घ्यावा, नाहीतर रात्रीतून बॅटरी उतरेल.