धुकं नंतर, आधी पोतं

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या ॲनिमेशन कोर्सच्या पहिल्या सत्राची पाचही असाइनमेंट्स पाहिली. आधी मोबाइलवर, मग नातवाच्या लॅपटॉपवर. पिठाचं पोतं तर एकेक फ्रेम पुढे ढकलत पाहिलं. चेंडू, लंबक, पोतं, चालणारी बाई आणि वजन उचलणारा माणूस, पाचही ठिकाणी धुकं आहे. चेंडूलासुद्धा! बिचारा उड्या मारतोय आणि मागे रशियातलं रान.

तू कोणाच्या प्रेमात पडली आहेस हे विचारायची गरजच उरली नाही. रशियन ॲनिमेटर युरी नॉर्स्टाइन, आणि त्याच्या 1975 मधल्या फिल्ममधला धुक्यात हरवलेला हेजहॉग, तो काटेरी छोटा प्राणी. आवड उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तू उचललं आहेस ते नेमकं काय, एवढं बघ. तुझं धुकं सॉफ्टवेअरच्या ब्लरमधून आलंय. त्याचं धुकं म्हणजे अगदी पातळ कागद. तो चित्रावर ठेवायचा आणि फ्रेमगणिक जरासा कॅमेऱ्याकडे उचलायचा, की खालचं सगळं पांढुरकं होत जातं. पात्रं कापलेल्या तुकड्यांची, काचेच्या थरांवर हलवलेली. आणि चित्रं? ती त्याच्या बायकोची, फ्रान्चेस्का यार्बुसोवाची. म्हणजे तू ज्याला नॉर्स्टाइनची शैली म्हणतेस, त्यातलं दिसणारं बरंचसं तिच्या हातचं आहे.

मग त्याचं स्वतःचं काय? माझ्या मते, थांबणं. तो प्राणी पांढऱ्या घोड्याकडे बघत उभा राहतो ना, तिथे आवाज बंद कर आणि वही घेऊन बस. हलण्याआधी तो किती फ्रेम गप्प आहे ते मोज. आधी काय हलतं, डोळे की नाक की अख्खं अंग? हे आकडे उतरवून काढ. नक्कल करायचीच तर ती या आकड्यांची कर. माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे.

आता पोतं. ते दोन उड्या मारतं आणि थांबतं, पण आत पीठ आहे असं कुठे वाटत नाही. थर्माकोल भरल्यासारखं वाटतं. खाली आपटल्यावर कापड थांबलं तरी आतलं पीठ अजून खाली येतच असतं. पोट फुगतं, वरचे दोन कान मागून येऊन पडतात. हे तू केलंच नाहीस, कारण तिथे तू टेक्स्चर लावत होतीस. रविवारी आमच्या लालबागला ये. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. पाच किलोचं दळण कापडी पिशवीत घे आणि घरापर्यंत हातात आण. पिशवी मांडीवर आपटते तेव्हा तू कुठे झुकतेस, हात बदलताना आधी खांदा जातो की कंबर, ते लक्षात ठेव. लाइट बॉक्सवर, त्या खालून उजेड येणाऱ्या काचेवर कागद ठेवून, हे सापडायचं नाही.

चालणारी बाई 12 फ्रेमला एक पाऊल टाकते. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दोन पावलं, हिशोब चोख. पण ती चालते कुठे? सकाळी नऊला दादरच्या पुलावर कोणी असं ऐसपैस पाऊल टाकून दाखवावं! तिथे पावलं आखूड होतात, पर्स पोटाशी येते, पायऱ्या उतरताना एक हात निऱ्यांवर जातो. एक बाई निवड, पाच वेळा काढ.

लंबक ठीक आहे. वजन उचलणाऱ्यावर भेटल्यावर बोलू.

तुझ्या वयाचा असताना मीही हेच केलं. एका स्टुडिओत इनबिटवीनर होतो, म्हणजे मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणारा, आणि माझ्या सगळ्या पात्रांना एकाच थोर माणसाचे डोळे असायचे. आमच्या सीनियरने एकदा माझ्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवला, चेहरा-कपडे गाळून फक्त डोक्याचा गोल आणि हातापायांच्या काड्या उतरवल्या, आणि विचारलं, "आता सांग, कोण चालतंय?" मला सांगता आलं नाही. त्या दिवशी त्याचा राग आला होता, लपवत नाही.

नकलेला मात्र घाबरू नकोस. 1956 मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. ‘बांबी’ या हरणाच्या पाडसाच्या डिस्नेपटावर काम केलेला माणूस. राम मोहन वगैरे मंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली, आणि 1957 च्या ‘द बनियन डिअर’मधली हरणं बघितलीस तर ‘बांबी’च्या भावकीतलीच वाटतील. गोष्ट जातकातली, हरणं हॉलिवूडची! पण त्याच विभागात, राम मोहन यांच्या हाताखाली भीमसैन शिकले, आणि 1974 मध्ये विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’साठी त्यांनी जे केलं त्यात ‘बांबी’ शोधूनही सापडत नाही. मधे सतरा वर्षं गेली होती. तुझं तर अजून एकच सत्र झालंय.

तर पुढच्या वेळी येताना पोतं आणि बाई, दोन्हींची नुसती लाइन टेस्ट आण. पेन्सिलची रेघ, पांढरा कागद, मागे काही नाही. धुकं तुझ्या हार्ड डिस्कमध्ये राहू दे, ते कुठे जात नाही.

आणि गिरणीत माझी ओळख सांगू नकोस. दोन दळणांचे पैसे द्यायचे राहिलेत.

तुझा,
काका