हर्लिंग या आयर्लंडच्या काठी-चेंडूच्या खेळात स्कोअर २-१७ विरुद्ध १-१९ असेल तर जिंकलं कोण?

२-१७ वाला संघ जिंकला, तोही एका गुणाने. आयर्लंडमध्ये आडव्या रेघेआधी गोल आणि नंतर पॉइंट लिहितात. गोल म्हणजे ३ गुण आणि पॉइंट म्हणजे १, म्हणून ६+१७=२३ आणि ३+१९=२२. नवखे लोक २ आणि १७ थेट मिळवतात आणि चुकतात. इंग्रजी एच अक्षरासारख्या खांबांमध्ये आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, हिरवा झेंडा. वरून गेला तर पॉइंट, पांढरा झेंडा.

हा फेब्रुवारी २०२२ च्या ऑल-आयर्लंड क्लब फायनलचा स्कोअर आहे. किलकेनी परगण्यातल्या बॅलीहेल या लहानशा गावाचा शॅमरॉक्स क्लब अगदी शेवटी २ गुणांनी पुढे होता. समोरच्या बॅलीगनर क्लबला तेव्हा पॉइंट पुरला नसता, गोलच हवा होता, आणि तो त्यांनी केला. पुढच्याच वर्षी बॅलीहेलने ही स्पर्धा नवव्यांदा जिंकली. एवढ्याशा गावासाठी ही थोर कामगिरी आहे.

मात्र गेलिक फुटबॉल हा असाच स्कोअर लिहिणारा आयर्लंडचा दुसरा खेळ पाहत असाल तर २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला २ गुण मिळतात. हर्लिंगला हा नियम नाही.