आयन सोर्समध्ये (आयनांचा झोत तयार करणारं उपकरण) सीझियमचा रिझर्व्हॉयर (धातू साठवायचं छोटं भांडं) सेफली कसा बसवायचा?

सीझियम 28.5 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे काचेची अँप्युल (सीलबंद कुपी) हातात जरा वेळ धरली तरी आतला सोनेरी धातू पातळ होऊन हलायला लागतो, आणि त्याला हवा लागली की पेट घेतो, पाणी लागलं तर थेट स्फोटच. त्यामुळे अँप्युल फोडायची ती आर्गॉन या निष्क्रिय वायूने भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे जोडलेली बंद पेटी), आणि धातू घट्ट असतानाच, म्हणजे सांडला तरी पसरत नाही. रिझर्व्हॉयर आणि हत्यारं आधी बेक करून कोरडी करा प्लीज, यात कंटाळा नको, दमटपणामुळेच घात होतो.

सोर्सला हात लावण्याआधी हाय व्होल्टेज बंद करून अर्थिंग करा, तो गार होऊ द्या, मग आर्गॉनने व्हेंट करा (म्हणजे आतल्या व्हॅक्यूममध्ये आर्गॉन भरा) आणि आर्गॉन वाहता ठेवूनच रिझर्व्हॉयर जोडा, लगेच पंपिंग चालू. लीक चेक झाल्याशिवाय हीटर लावू नका.

जुना रिझर्व्हॉयर रिकामा दिसला तरी आत सीझियम उरलेलं असू शकतं, सिंकमध्ये अजिबात धुवू नका! वरचा पांढरा थर बहुतेक हायड्रॉक्साइडचा असतो, कातडी जाळतो. फेसशील्ड घाला, कोरडे ग्लोव्हज घाला, सोबत कुणीतरी हवंच. आग लागली तर क्लास डी (धातूंच्या आगीसाठीचा) एक्स्टिंग्विशर वापरा, पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारायचा नाही.